पिंपाला कान लावणारे अंकल

"थांब. बोलतंय."

एवढं म्हणून अंकल गुडघ्यांवर बसायचे, खाटेखालचं निळं पिंप हळूच पुढे ओढायचे आणि त्याला कान लावायचे. डोळे मिटलेले, एक बोट वर केलेलं. दवाखान्यात डॉक्टर छातीला नळी लावून ऐकतात ना, अगदी तसं. मी श्वास रोखून उभा. मग अंकलच्या मिशीखाली थोडं हसू यायचं. "बोलतंय. पोटभर जेवलंय. आता त्याला त्रास देऊ नको."

पिंपात बिअर होती. सौदी अरेबियात, धाहरानजवळच्या एका कंपनीच्या कँपात, पोर्टाकेबिनच्या तिघांच्या खोलीत. सापडलो असतो तर तुरुंग, फटके आणि घरी रवानगी, हे तिथल्या पोरासोरांनाही ठाऊक होतं. मी त्या पिंपाच्या वरच्या खाटेवर झोपायचो. मला झोप कशी यायची, हे तुम्ही विचारू नका.

अंकल वसईचे. आमच्या कँपात प्लंबर होते, अठरा वर्षांचे जुने. सगळा कँप त्यांना अंकलच म्हणायचा, कँप बॉससुद्धा. मी श्रीवर्धनकडचा. सातवीतून शाळा सोडली, मुंबईत एका लाँड्रीत इस्त्री शिकलो आणि त्या इस्त्रीच्या जोरावर सौदीला पोचलो. अंकलने मला नावाने कधी हाक मारली नाही. "ए श्रीवर्धन!" म्हणायचे. परमुलखात कुणी आपल्याला गावाच्या नावाने हाक मारली की कसं वाटतं, ते गेलेल्यालाच कळतं.

खोलीतले तिसरे मामू, राजापूरकडचे. गोदामात कामाला. पाच वेळचे नमाजी, आणि खोटं न बोलणारे. अंकलचं पिंप बाहेर निघालं की मामू खाटेवर भिंतीकडे तोंड करून आडवे व्हायचे.

"मी काय बघितला नाय, काय ऐकला नाय," भिंतीला सांगायचे. "उद्या कोणी कसम घालून इचारलान तर मी खोटा बोलू काय?"

"झोपा मामू," अंकल म्हणायचे. "तुमच्या भिंतीला माझा सलाम सांगा."

अंकलशी माझी खरी ओळख झाली ती पहिल्याच महिन्यात. एका मोठ्या साहेबाचा पांढरा शुभ्र झगा मी छातीवरच जाळला. इस्त्रीचा तिकोनी डाग, चांगला वीतभर. कँप बॉस माझं तिकीट काढायला निघाला होता. मी दाराशी उभा. तेवढ्यात अंकल पान्हा हातात घेऊन आत आले आणि म्हणाले, "साहेब, इस्त्रीच्या वाफेचा व्हॉल्व काल मीच बदलला. नीट बसला नसणार. पोराचा काय दोष?" व्हॉल्व त्यांनी बदललेला नव्हता. मला ठाऊक होतं, त्यांना ठाऊक होतं, आणि बहुतेक कँप बॉसलाही. पण अठरा वर्षांत त्यांनी कँपातल्या नळाला कधी थेंबभर गळू दिलं नव्हतं, त्या पुण्याईवर माझी नोकरी वाचली.

म्हणून एके दिवशी ते म्हणाले, "श्रीवर्धन, बिअर करायला शीक," तेव्हा मी नाही म्हणू शकलो नाही. खरं सांगतो, मला पिण्याची फारशी आवड नव्हती. भीती मात्र ढीगभर होती.

"अंकल, मी कशाला?"

"कारण मी ईस्टरला जाणार कायमचा. पोरीचं लग्न आहे. मग तुम्हाला कोण करून देणार? तुझा बाप?"

विकण्याचं नाव काढलेलं त्यांना खपायचं नाही. वसईला त्यांच्या घरात लग्नाला, नाताळाला घरची वाइन लागायची, आणि ती करणाऱ्याचे हात स्वच्छ आणि मन शांत पाहिजे, असं त्यांच्या आईचं म्हणणं होतं. तेच शास्त्र त्यांनी वाळवंटात आणलं. दुकानात बिनदारूची बिअर खुलेआम मिळायची, ती डबेच्या डबे आणायची. त्यात साखर. बेकरीवाल्याकडून पावाचं यीस्ट. लाँड्रीतून मी ब्लीच आणायचो बाटल्या धुवायला. पिंपाच्या झाकणातून अंकलने एक बारीक नळी काढली होती, तिचं दुसरं टोक पाण्याच्या बाटलीत बुडवलेलं. आतली हवा त्यातून बुडबुड करत बाहेर पडायची. "तुझं ब्लीच, माझा पाईप," अंकल म्हणायचे, "आणि उरलेलं देवाचं."

माझं पहिलं पिंप तीन दिवस मुकं राहिलं. अंकलने कान लावला, बोट वर केलं, बोट खाली आणलं.

"यीस्ट कुठल्या पाण्यात कालवलंस?"

"गरम. चांगलं उकळतं. स्वच्छ असावं म्हणून."

अंकलने टोपी काढली. छातीवर क्रुसाची खूण केली. "मेलं. जिवंत असतं ते, बाबा. तू त्याला उकळत्या पाण्यात अंघोळ घातलीस." मग ते सगळं पिंप त्यांनी मोरीत ओतलं आणि ओतताना प्रार्थनेसारखं काहीतरी पुटपुटले. भिंतीकडे तोंड केलेल्या मामूंचे खांदे हलताना दिसत होते. हसत होते.

दुसऱ्या वेळी यीस्ट जगलं, पण मला धीर नव्हता. मी रोज झाकण उघडून बघायचो. झाला व्हिनेगर. "भाताचं झाकण उघडतो तसं उघडलंस ना?" अंकल म्हणाले. "विश्वास नाही तुझा कशावर." हे त्यांनी रागाने नाही म्हटलं, पण मला ते लागलं, कारण खरं होतं. मी घरी पाठवलेलं पत्र पोस्टाच्या पेटीत टाकल्यावरही दोनदा वाकून बघणारा माणूस.

तिसरं पिंप मात्र जमलं. नाताळच्या दुपारी आम्ही दोघांनी चहाच्या कपांतून प्यायली. कडवट, गढूळ, वर पातळसा फेस. अंकलने जीभ टाळ्याला लावून बराच वेळ विचार केला. "वाईट आहे," म्हणाले. "पण बिअर आहे." सातवीचा निकालसुद्धा मला एवढा गोड लागला नव्हता.

तोवर बाहेर काय चाललं होतं ते तुम्हाला माहीतच आहे. ऑगस्टपासून इराक कुवेतमध्ये बसला होता. आमच्या रस्त्यावरून रणगाडे ट्रेलरवर चढून जायचे. निम्मा कँप घाबरून निघून गेला होता. मी राहिलो, कारण गावी परत जाऊन काय करायचं, याची मला रणगाड्यापेक्षा जास्त भीती होती. जानेवारीत लढाई पेटली आणि भोंगे सुरू झाले. इंजिनियर लोकांना गॅसचे मुखवटे मिळाले. आम्हाला मिळालं प्लॅस्टिकचं एक भेंडोळं आणि तपकिरी चिकटपट्टी. खिडक्या-दारं बंद करून फटी चिकटवा, भोंगा झाला की ओला टॉवेल तोंडावर धरा, असा हुकूम. क्षेपणास्त्रातून विषारी वायू येईल, असं जो तो सांगत होता.

थंडी होती म्हणून हीटर चालू. फटी बंद. तीन माणसं आणि खाटेखाली पिंप. आमची खोली म्हणजे उबवणीची पेटीच झाली होती.

अंकलच्या मुलीचा साखरपुडा वसईला रविवारी होता, उपासाचे चाळीस दिवस लागायच्या आत. लढाईमुळे विमानं बंद, जाणं शक्यच नव्हतं. अंकलने ठरवलं, आपली सुट्टी शुक्रवारी, तर शुक्रवारी दुपारी आपण इथे साखरपुडा करू. मामूंना चहा, आपल्याला बिअर. त्यासाठी चौथं पिंप लावलं होतं. पण दिवस कमी पडत होते. पिंप अजून बोलत होतं, म्हणजे कच्चं होतं, तरी अंकल म्हणाले, "भरून टाकू बाटल्यांत." घाई करताना मी त्यांना तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं.

बाटलीत भरताना प्रत्येकीत एक छोटा चमचा साखर घालायची, म्हणजे बंद बाटलीत फेस तयार होतो. एक म्हणजे एकच. द्राक्षाच्या रसाच्या जाड काचेच्या बाटल्या होत्या, तारेच्या चिमट्याच्या झाकणाच्या. साखर घातलेली बाटली अंकल उजवीकडे ठेवत, न घातलेली डावीकडे. निम्म्या झाल्या असतील नसतील, भोंगा झाला. मामू गोदामातून धावत आले, दार लावलं, चिकटपट्टी लावायला जागा हवी म्हणून त्यांनी डोळे मिटूनच सगळ्या बाटल्या पायाने बाजूला सारल्या. उजवं डावं एक झालं. त्या दिवशी भोंगा खोटा निघाला. पण सुटकेचा भोंगा झाला न झाला तोच अंकलला बोलावणं आलं, मेसमध्ये पाईप फुटला म्हणून.

जाताना दारातून म्हणाले, "राहिलेल्यांत एकेक चमचा घाल. कळलं नाही तर थांब, मला विचार."

मला कळलं नव्हतं. पण विचारायची लाज वाटली. दोन पिंपं मी मारली होती, तिसरं कसंबसं जमलं होतं, आता चमच्याचाही हिशेब येत नाही असं कसं सांगू? आमच्याकडे पाहुण्याच्या ताटात कमी पडण्यापेक्षा जास्त झालेलं बरं, असं आई म्हणायची. मुलीचा साखरपुडा. मी सगळ्या बाटल्यांत एकेक चमचा घातला. निम्म्यांत दोन झाले. झाकणं लावली, खाटेखाली रचल्या, वर घोंगडी टाकली. अंकल आल्यावर म्हणालो, "झालं."

"शहाणा आहेस," ते म्हणाले.

शुक्रवार आला. जेवण झालं होतं. अंकलने धुतलेला पांढरा शर्ट घातला होता, मुलीचा फोटो खिडकीत प्लॅस्टिकला टेकून ठेवला होता. मामूंनी चहा आणि खजूर मांडले. "मुबारक हो," ते म्हणाले, "जावई काय करतो?" "बँकेत आहे," अंकल म्हणाले, आणि त्यांनी फोटो जरा सरळ केला. मी पहिली बाटली काढायला वाकणार, तेवढ्यात भोंगा.

दार लावलं. फटी चिकटवल्या. ओले टॉवेल तोंडावर. तिघं आपापल्या खाटेवर. हीटरची तार लाल.

पहिला आवाज माझ्या पाठीखाली झाला.

मी तुम्हाला सांगू शकत नाही तो कसा होता. खाट उडाली एवढंच आठवतं. मग दुसरा. मग तिसरा-चौथा एकदम. घोंगडीतून काचा आल्या, भिंतीवर, छतावर, काहीतरी पांढरं फसफसत माझ्या तोंडावर आलं, आणि आंबूस वास. मामू मोठमोठ्याने कलमा म्हणू लागले. मी टॉवेल फेकला, दाराचं प्लॅस्टिक नखांनी फाडलं आणि बाहेर पळत ओरडलो, "गॅस! गॅस! गॅस आला!"

माझ्या ओरडण्याने अख्खा कँप बाहेर आला. कुणी मुखवट्यात, कुणी लुंगीवर, कुणी एकमेकांना धरून. "आमच्या ब्लॉकवर पडलं," कुणी ओरडला. कँप बॉसने फोन केला. म्हणजे पोलिसांना मी बोलावलं. हे मी तेव्हाही जाणत होतो, आजही जाणतो.

खोलीत अंकल एकटेच राहिले होते. मी दारातून आत बघितलं. गुडघाभर नाही, पण घोट्याएवढा फेस. त्यात ते उभे, पांढऱ्या शर्टवर कानाजवळून रक्ताची बारीक धार. फोटो हातात.

"साखर किती घातलीस?" त्यांनी हळूच विचारलं.

मी दोन बोटं वर केली.

आणि अंकल हसले. त्या अवस्थेत, खरंच, पोट धरून हसले. "अरे श्रीवर्धन, सद्दामने नाही ते तू केलंस!"

लांबून गाड्यांचा आवाज यायला लागला. त्यांचं हसू थांबलं. ते आले, माझा ओला शर्ट त्यांनी माझ्या डोक्यावरून ओढून काढला, आत फेकला. "लाँड्रीत जा. अंग धू, केस धू. साबण लाव, दोनदा लाव. मी बोलावल्याशिवाय येऊ नको."

"अंकल, पण मीच..."

"यल्ला! जा म्हणतो ना!"

मी गेलो. हे वाक्य लिहायला मला बरीच वर्षं लागली. मी गेलो, नळाखाली बसलो, साबण लावला, दोनदा लावला.

परत आलो तेव्हा पोलिसांची पिकअप उभी होती आणि लोकांचा घोळका. अंकल एका अंमलदारासमोर उभे होते, पायात चप्पल नाही. पिंप उन्हात आणून ठेवलं होतं. ते उन्हात किती लहान दिसत होतं! अंमलदार अरबीत बोलायचा, कँप बॉस हिंदीत सांगायचा.

"पिंप किसका है?"

"मेरा."

"और कौन था साथ में?"

"कोई नहीं. रूमवालों को मालूम भी नहीं. एक नमाजी है, एक गधा है."

घोळक्यात कुणी हसलं. अंमलदार मामूंकडे वळला. मामूंची दाढी बिअरने भिजलेली. त्यांना शपथ घातली. मी लोकांच्या मागे उभा, ओल्या केसांनी. मामू खोटं बोलणार नाहीत हे मला ठाऊक होतं.

"मैंने दूसरे किसी को हाथ लगाते नहीं देखा," मामू म्हणाले.

खरंच होतं ते. ते भिंत बघत होते.

आता पुढे यायचं, मला वाटलं. आता बोलायचं. अंकलला ईस्टरला घरी पोचायचंय. मी नवा आहे, मला काय, मला घरी पाठवतील. पण मी पुढे गेलो नाही. मला आईचं तोंड दिसलं, बायकोचं दिसलं, आणि लाज वाटते सांगायला, इस्त्री दिसली. माझी लाँड्रीतली इस्त्री. अंकल गाडीत चढले. चढताना त्यांची नजर घोळक्यावरून फिरली, माझ्यावरून गेली, आणि एका अनोळखी माणसावरून जावी तशी पुढे गेली. ती नजर मला वाचवण्यासाठी होती. पण तशी नजर परत कुणी माझ्यावर टाकू नये.

मामू आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. मग एकदा नमाजासाठी वजू करून, हातपाय धुवून येताना दारात थांबले. "मी खोटा नाय बोललो," म्हणाले. "पण खरा पण नाय बोललो. ता काम तुझा होता." पुन्हा त्यांनी तो विषय काढला नाही. दर महिन्याला मात्र ते कंपनीच्या ऑफिसात अंकलची चौकशी करायला जायचे. मी दाराबाहेर उभा राहायचो. लढाई संपली, कुवेतच्या तेलविहिरींचा धूर आमच्या आभाळात आला आणि गेला. अंकल आत होते. ईस्टर गेला. उन्हाळा गेला. एक दिवस कारकून म्हणाला, "खलास. सफर." म्हणजे घरी पाठवलं. माझी बदली दूर, लाल समुद्राकाठच्या यान्बूला झाली.

दोन वर्षांनी रजेवर आलो तेव्हा आधी वसईला गेलो. काय बोलायचं ते पाठ केलं होतं. केळीच्या बागेतून घराकडे जाणारी वाट, दारात फुलांच्या पाट्या. अंकलच्या बायकोने दार उघडलं. मी सौदीहून आलोय म्हटल्यावर तिने काही न विचारता मला आत घेतलं, खुर्ची पुढे केली. अंकल नव्हते. आठ महिन्यांपूर्वी गेले, झोपेत. तिने ते असं सांगितलं की जणू मला माहीतच असेल.

पाठ केलेलं सगळं पोटात तसंच राहिलं.

भिंतीवर मुलीच्या लग्नाचा फोटो होता. नवरीचा हात धरून तिला चर्चमध्ये नेणारा माणूस अंकल नव्हते. "माझा भाऊ," ती म्हणाली. "ह्यांना लढाईमुळे येताच आलं नाही. कंपनीने पासपोर्ट अडकवून ठेवला म्हणे. तुम्ही एकत्रच होता ना? फार घाबरायचे का हो तिथे? इथे तर फटाका वाजला तरी घरात यायचे."

"नाही," मी म्हणालो. "आमच्यात तेच धीट होते."

तिला बरं वाटलं. चहा आणला. आत मुलगी आलेली होती माहेरी, बाळाशी बोलत होती. मी चहा पीत होतो आणि विचार करत होतो की आता उठावं. लढाईमुळे आले नाहीत, बस्स. त्यांनी स्वतः रचलेली गोष्ट, ती मी का मोडावी?

ती समोर उभीच होती. पदराने हात पुसत, खरं तर हात कोरडेच होते.

"भाऊ, एक विचारू? हे असताना मी पुष्कळदा विचारलं, हे हसण्यावारी न्यायचे. त्यांच्या पाठीवर वण होते. पहिल्या दिवशी अंघोळीला पाणी दिलं तेव्हा मी बघितले. म्हणाले, बॉम्ब पडला, त्याच्या काचा लागल्या." तिने पदर खांद्यावर ओढला. "मी काही लढाई बघितलेली नाही. पण काचा अशा लागतात का हो? आडव्या, एकीखाली एक, सारख्या अंतराने?"

मी कप खाली ठेवला.

"नाही, आँटी," मी म्हणालो. "काचा नव्हत्या त्या."

तिने आतल्या खोलीकडे एकदा बघितलं. मग जाऊन मधलं दार लोटून घेतलं, मुलीला ऐकू जाऊ नये म्हणून, आणि परत येऊन माझ्यासमोर बसली.